पहिली ते चौथीच्या पोरांना कोडिंग-रोबोटिक्स: सुरुवात कुठून करू?

झेडपीचा_मास्तर

नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेवर आहे. पहिली-दुसरी माझ्याकडे आणि दुसरे सर ट्रेनिंगला गेले की चारही वर्ग माझ्याकडेच. एका कंपनीच्या सीएसआरमधून (समाजकार्याच्या निधीतून) शाळेला थोडे टॅब आणि एक मोठं रोबोटिक्स किट मिळालंय. उघडून बघितलं तर बोर्ड, सेन्सर, जंपर वायरी, मोटरी, चाकं सगळं आहे पण माहितीपुस्तिका इंग्रजीत आणि खोक्यावर लिहिलंय वय १० च्या पुढे. गावात बातमी पसरलीय, पालक रस्त्यात थांबवून विचारतात गुरुजी पोरं रोबोट कधी बनवणार. मलाही मनापासून करायचंय हो, पण दुसरीतली काही पोरं अजून जोडाक्षरावर अडखळतात, त्यांना कोडिंग म्हणजे नेमकं काय शिकवायचं? नेट बेभरवशाचं आहे आणि दुपारी लाईट जाते हे धरून सांगा. कोणी खरंच लहान मुलांबरोबर केलं असेल तर जास्त बरं.

नाशिकची_आई

सर, राग मानू नका पण मी आधी वाचन म्हणेन. २०२० च्या शैक्षणिक धोरणातसुद्धा कोडिंग सहावीपासून सांगितलंय. लॉकडाऊनमध्ये जाहिरातींना भुलून आम्ही मुलाला एका ऑनलाइन क्लासला घातलं होतं, दुसरीत होता तेव्हा. ताई स्क्रीनवर दाखवायच्या हा ब्लॉक इथे ओढ, तो तिथे ओढ, शेवटी गेम तयार व्हायचा आणि सर्टिफिकेट यायचं. पण एक दिवस मी म्हटलं यातला चेंडू जरा हळू पळव बघू, तर त्याला काहीच करता येईना. फी परत मिळाली नाही ते सोडा, पण पोराला वाटायला लागलं की आपल्याला हे जमत नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं. तुमच्या शाळेत तसं नको व्हायला.

लोगो_कासव

ताईंचं म्हणणं बरोबर आहे, पण त्या क्लासमध्ये पोराला विचार करायची वेळच कोणी येऊ दिली नाही, तिथे खरा घोळ आहे. वयाचं म्हणाल तर इंग्लंडमध्ये २०१४ पासून पाच वर्षांच्या मुलांना शाळेत कम्प्युटिंग आहे. आणि आपल्याकडेही आता २०२६-२७ पासून तिसरीपासून एआय आणि संगणकीय विचार आणायचं शिक्षण मंत्रालयाने जाहीर केलंय, म्हणजे मास्तरांवर हे येणारच आहे.

सर, किट कपाटात ठेवा. खडू घ्या. मी प्राथमिकच्या शिक्षकांबरोबर हे बरीच वर्षं करतोय, व्हरांड्यात पाच बाय पाच चौकोन आखायचे, एक चौकोन म्हणजे पोराचं एक पाऊल. एका चौकोनात पाण्याचा माठ किंवा दप्तर म्हणजे अडथळा, एका चौकोनात फूल. जुन्या लग्नपत्रिकांच्या मागे तीनच प्रकारची कार्डं काढा: पुढे, उजवीकडे वळ, डावीकडे वळ. फक्त बाण, अक्षर नको, म्हणजे जोडाक्षराचा प्रश्नच मिटला. एक मूल कार्डं ओळीत मांडणार, दुसरं रोबो होऊन तेवढंच करणार, तिसरं मूल चालू असलेल्या कार्डावर बोट ठेवत पुढे जाणार. एकदा सुरू झालं की कोणी बोलायचं नाही.

यात सगळी गंमत त्या तिसऱ्या मुलाच्या बोटात आहे. रोबो माठावर जाऊन धडकला की वर्ग ओरडतो, चुकलं चुकलं, तेव्हा कोणाचं चुकलं हे विचारूच नका, विचारा कितव्या कार्डावर बिघडलं. बोट तिथेच असतं. पोरं तेवढंच कार्ड बदलून परत चालवतात. मोठे प्रोग्रामर दिवसभर हेच करतात.

दोन ठिकाणी पोरं हमखास अडतात. एक म्हणजे "वळ" म्हटलं की वळून एक पाऊल टाकतातच, नुसतं जागच्या जागी वळणं त्यांना पटत नाही. बीबॉट नावाचा एक पिवळा ब्रिटिश रोबो आहे, पुढे म्हटलं की १५ सेंटीमीटर जातो आणि वळ म्हटलं की जागेवरच ९० अंशात वळतो, त्याच्याशीसुद्धा मुलं इथेच भांडतात. दुसरं म्हणजे रोबो आपल्याकडे तोंड करून उभा असला की त्याचा उजवा हात आपल्या डावीकडे येतो. मग पोरं उठून रोबोच्या मागे जाऊन उभी राहतात, मान वाकडी करतात, स्वतःच गोल फिरून बघतात. करू द्या, लगेच उत्तर सांगू नका. सेमूर पॅपर्ट नावाचे गणितज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये मुलांसाठी लोगो ही प्रोग्रामिंगची भाषा काढली, पुढे तिच्यात हुकमाप्रमाणे चालणारं कासव आलं ते याच विचाराने, की मुलाने स्वतःला कासवाच्या जागी ठेवून रस्ता शोधावा.

आणि "पुढे" ची कार्डं मुद्दाम कमी द्या. चार पावलं जायचंय आणि कार्डं दोनच, की कोणीतरी विचारतंच, गुरुजी यावर ४ लिहू का? लूप, म्हणजे तीच सूचना पुन्हा पुन्हा करणं, शिकवावा लागत नाही.

पासोड्या_विठोबा_वारी

वरच्या सरांना पूर्ण अनुमोदन. मी हार्डवेअरवाला, पुण्यात असतो, सुट्टीत मुलांबरोबर कार्यशाळा घेतो. तुमच्या किटमधला बोर्ड आणि जंपर वायरी पहिली-दुसरीला देऊच नका, बोटं लहान, पिना वाकतात, आणि तुम्ही एकटे किती ठिकाणी पुरणार. पण तिसरी-चौथीला मोटर द्या. पिवळी बीओ मोटर (बॅटरीवर चालणारी गिअरची छोटी मोटर), दोन पेन्सिल सेलचा होल्डर, बस. वायरी उलट्या लावल्या की चाक उलटं फिरतं हे त्यांनी स्वतः शोधलं पाहिजे, तुम्ही सांगितलंत तर मजा गेली.

त्याहून सोपं, छोटी खेळण्यातली मोटर घ्या, तिच्या दांड्यावर खोडरबराचा तुकडा मुद्दाम एका बाजूला जास्त येईल असा खोचा आणि कागदी कपाच्या बुडावर मोटर चिकटवून कपाला तीन स्केचपेनचे पाय करा. सेल जोडला की कप थरथरत कागदावर गोल गोल चित्रं काढतो. एक पाय थोडा आखूड केला तर चित्र बदलतं, खोडरबर सरकवलं तर परत बदलतं. टाकाऊतून टिकाऊ खेळणी बघायची तर अरविंद गुप्तांच्या साइटवर भांडार आहे, मराठीतलंही बरंच सापडेल, फुकट.

रोबो कशाला म्हणायचं यासाठी खेड्यातल्या पोरांना विहिरीवरच्या मोटरीचा ऑटो आठवायला सांगा. लाईट आली तर मोटर आपोआप सुरू, माणूस लागत नाही. "तर" हा शब्द त्यांना तिथे लगेच कळतो. मग पंखा रोबो आहे का यावर वर्गात भांडू द्या.

एकच कळकळीची विनंती, बटन सेल शाळेत नकोत. तो चपटा लिथियम सेल गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. किटमध्ये असतील तर आजच काढून कुलपात ठेवा.

झेडपीचा_मास्तर

खूप आभार सगळ्यांचे. बटन सेल निघाले किटमध्ये, रिमोटमध्ये होते, काढले. व्हरांड्याचं उद्याच करतो. मग टॅबचं काय, तसेच ठेवू? पालक विचारणारच.

लोगो_कासव

टॅबवर स्क्रॅचज्युनिअर नावाचं कोडिंगचं ॲप टाका, पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठीच केलेलं आहे, फुकट आहे, ब्लॉकवर चित्रंच आहेत त्यामुळे वाचता येण्याची अट नाही, आणि एकदा डाउनलोड केलं की नेट लागत नाही. एका टॅबवर दोनच पोरं बसवा आणि अधूनमधून हात बदला. मुलांना स्वतःचा आवाज रेकॉर्ड करता येतो, तेव्हा बालभारतीतली एखादी गोष्ट घ्या आणि पात्रांना त्यांच्या बोलीत बोलायला लावा, नाशिकच्या ताईंची वाचनाची काळजीही त्यात थोडी भागते.

फक्त एक लक्षात ठेवा, स्क्रॅचज्युनिअरमध्ये उजवा बाण म्हणजे पडद्यावरची मांजर उजवीकडे सरकते, वळायचा ब्लॉक वेगळा आहे आणि त्यात १२ टाकले की पूर्ण गिरकी. फरशीवर उजवा बाण म्हणजे जागेवर वळणं शिकलेली पोरं इथे गोंधळतात. म्हणून दोन्ही एकाच आठवड्यात आणू नका, मध्ये थोडं अंतर ठेवा, आणि टॅब हातात देताना आधी विचारा, हा बाण दाबला तर मांजर काय करेल असं वाटतं? अंदाज बोलून झाल्यावरच हिरव्या झेंड्याला, म्हणजे सुरू करायच्या बटणाला, हात लावू द्या.