मदत हवी आहे: भरतीमापकाचे जुने कागदी रोल त्सुनामी अभ्यासकांना उपयोगी पडतील असे कसे जपावेत?

नमस्कार मंडळी,

आमच्या सरांनी कोकणातल्या एका छोट्या बंदरावरचे भरतीमापकाचे (समुद्राची पातळी कागदावर रेघेने नोंदवणाऱ्या यंत्राचे) जुने रोल माझ्या गळ्यात मारलेत. कागदाचा भुगा व्हायच्या आत स्कॅन उरकले. रेघ बऱ्यापैकी ठळक आहे, कडेला कारकुनाने निळ्या शाईत तारीख-वेळ टाकली आहे. त्यात नोव्हेंबर १९४५ चा शेवटचा आठवडाही आहे, म्हणून एवढा खटाटोप. २८ तारखेच्या पहाटे आजच्या पाकिस्तान-इराणच्या मकरान किनाऱ्याजवळ ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्सुनामी मुंबईपर्यंत आली. कराची आणि मुंबईच्या नोंदींवर काम झालंय. मुंबईच्या दक्षिणेची नोंद मिळाली तर बरंच.

घोडं अडलंय ते वेळेवर. भूकंप भारतीय प्रमाणवेळेनुसार ३:२६ चा. पण तेव्हा मुंबईत बॉम्बे टाइमही चालायचा, ३९ मिनिटं मागे. त्या हिशेबाने २:४७. शिवाय युद्धामुळे ऑक्टोबर १९४५ च्या मध्यापर्यंत देशाचं घड्याळ तासभर पुढे होतं. कारकुनाने नुसतं '६ वाजता' लिहिलंय. कुठले सहा?

दुसरं, रेघेवरून आकडे दर तासाला घेतले तर पुरेत, असं एक मित्र म्हणतो. भरती-ओहोटीला पुरतील, पण त्सुनामीच्या लाटा काही मिनिटं ते तासभराच्या असतात, त्या गाळल्या जातील ना? आणि आकड्यांतून नेहमीची भरती वजा करून ठेवू की मूळ पातळीच? शेवटी हे सगळं ठेवायचं कुठे?

प्रतिसाद १
वेळेचं उत्तर रोलमध्येच आहे. त्सुनामी नसलेले साधे दिवस घ्या, त्या बंदराच्या भरतीचं गणित १९४५ पर्यंत मागे नेऊन पूर्णभरतीच्या वेळा काढा आणि कागदाशी ताडा. ३९ मिनिटांचा फरक लपत नाही. फक्त कागदाचा ढोल फिरवणारं घड्याळ आठवडाभरात मागेपुढे होतं, तेव्हा रोल बदलतानाच्या नोंदी आधी बघा. दुरुस्ती मूळ आकड्यांवर गिरवू नका, वेगळ्या रकान्यात ठेवा.

प्रतिसाद २
तासाचे आकडे अजिबात नकोत. रेघ जमेल तितकी बारीक वाचा, मिनिटाला एक आकडा मिळाला तर उत्तमच. भरती वजा केलेली मालिका जरूर द्या, पण सोबत. उद्या कुणाला वेगळ्या पद्धतीने वजा करायची असेल. यंत्राचा फ्लोट ज्या विहिरीत तरंगतो तिचं पाणी आत येण्याचं भोक किती मोठं होतं हे कळलं तर तेही लिहा, अरुंद भोक लाटांची उंची दाबतं. शून्य पातळी कुठल्या खुणेवरून हेही, आणि माहीत नसेल तर 'अज्ञात' असं स्पष्ट.

ठेवायचं म्हणाल तर स्कॅन, आकड्यांची साधी सीएसव्ही फाइल आणि माहितीची फाइल एकत्र झेनोडो या संशोधनाच्या ऑनलाइन संग्रहावर टाका, कायमचा क्रमांक मिळतो. त्याआधी बंदर खात्याची लेखी परवानगी! अमेरिकेच्या नोआ या समुद्र-हवामान संस्थेकडे अशा जुन्या कागदांच्या हजारो प्रतिमा आहेत, त्यांना लिहा. हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती केंद्रालाही कळवा. लिव्हरपूलच्या समुद्रपातळी संग्रहात मासिक सरासरी जाते, तुमच्या कामाची नाही.

धागाकर्ता
दोघांचे आभार. भरतीचं गणित मागे न्यायला त्या बंदराचे स्थिरांक (तिथल्या भरतीचे ठरलेले आकडे) लागतील, ते कुणाकडे असतील तर व्यनि करा.