अज्ञात राशीसाठी ‘एक्स’ कोठून आला?

प्रश्न: समीकरणात अज्ञात राशीला एक्स आणि ज्ञात राशींना ए, बी, सी म्हणण्याची पद्धत कोणी रूढ केली?

उत्तर १: फ्रेंच तत्त्वज्ञ व गणितज्ञ देकार्तने. त्याआधी फ्रेंच गणितज्ञ फ्रान्स्वा व्हिएत याने १५९१ मध्ये अज्ञातांसाठी स्वर आणि ज्ञातांसाठी व्यंजने योजली होती. देकार्तने १६३७ च्या भूमितीवरील ग्रंथात ती विभागणी मोडून वर्णमालेच्या शेवटची अक्षरे अज्ञातांना आणि सुरुवातीची ज्ञातांना दिली, व तीच टिकली.

उत्तर २: अक्षरचिन्हे ही काही केवळ युरोपची मिरास नव्हे. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त (सुमारे ११५०) ‘यावत्तावत्’ (म्हणजे ‘जितके तितके’) याचे ‘या’ आणि कालक, नीलक या रंगांची ‘का’, ‘नी’ ही आद्याक्षरे अज्ञातांसाठी येतात.

उत्तर ३: मान्य, परंतु तेथे ज्ञात राशी ‘रू’ (‘रूप’चे आद्याक्षर) लावून आकड्यांतच लिहिली जाते. ज्ञातांनाही अक्षरे देऊन व्हिएतने सर्व वर्गसमीकरणांविषयी एकदम बोलण्याची सोय केली, आणि माझ्या मते मोठी झेप तीच.