मदत हवी आहे: स्पेक्ट्रमवाल्यांच्या ग्रुपमधलं सहा वर्षांचं ज्ञान वाहून चाललंय, ते कुठे आणि कसं ठेवू?

नमस्कार मंडळी,

मी ठाण्याचा, नौपाड्यात राहतो. २०१९ पासून आम्ही झेडएक्स स्पेक्ट्रमवाल्यांचा एक व्हॉट्सॅप ग्रुप चालवतोय. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो, १९८२ साली इंग्लंडमधे सिंक्लेअरने काढलेला छोटा काळा कॉम्प्युटर, रबरी बटणं, झेड८० प्रोसेसर, १६ नाहीतर ४८ केबी मेमरी, टीव्हीला जोडायचा आणि प्रोग्राम कॅसेटवरून लोड करायचा. आपल्याकडे डेसिबेल्स कंपनीने त्याचा पुढचा प्रकार डीबी स्पेक्ट्रम प्लस म्हणून विकला होता, आणि कुणाकुणाच्या काकामामांनी बाहेरून येताना आणलेला. ग्रुपात आता १४० जण आहेत, ठाणे डोंबिवली वाशी नेरूळ आणि थोडे पुण्याचे.

अडचण अशी की सगळं वाहून जातं. आज कुणीतरी तासभर बसून छान समजावून सांगतो, आठवड्याने त्यावर दोनशे मेसेज चढलेले असतात, आणि नवीन माणूस तोच प्रश्न परत विचारतो. त्याचा काय दोष, त्याला मागचं दिसतच नाही. सगळ्यात वाईट उदाहरण पॉवरचं. स्पेक्ट्रमच्या ९ व्होल्टच्या पिनेत आतला भाग निगेटिव्ह असतो आणि बाहेरचा पॉझिटिव्ह, बाजारातले बहुतेक अॅडॉप्टर बरोबर उलटे. हे मी निदान पंचवीस वेळा लिहिलं असेन. तरी मार्चमधे कोपरखैरण्याच्या एका मुलाने मामाचं मशीन माळ्यावरून काढलं, घरात होता तो अॅडॉप्टर लावला, आणि मग ग्रुपात विचारलं की वास का येतोय. मेमरीतल्या खालच्या, म्हणजे पहिल्या १६ केबीच्या चिपांना ५, उणे ५ आणि १२ असे तीन व्होल्टेज लागतात, उलट्या अॅडॉप्टरने त्यातला उणे ५ गेला की त्या गरम होऊन मरतात. त्याच्या आठांपैकी सहा गेल्या. लावायच्या आधी वाचायला कुठे एक पान असतं तर ते मशीन आज चालू असतं, मला त्याची फार रुखरुख लागून राहिलीय.

दुसरं म्हणजे फोटो. बोर्डाचा फोटो ग्रुपात टाकला की तो दाबला जातो आणि चिपवरचे आकडे पुसट होतात. वरच्या ३२ केबीच्या चिपा म्हणजे अर्ध्या खराब निघालेल्या ६४के चिपा, कुठला अर्धा चांगला आहे ते टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या चिपांवर नंबराच्या शेवटी ३ आहे की ४ त्यावरून कळतं आणि बोर्डावरची तार त्याप्रमाणे जोडलेली असते. तोच आकडा वाचता येत नाही मग काय सांगणार. कॅसेटच्या रेकॉर्डिंगचंही तेच, डॉक्युमेंट म्हणून पाठवा म्हटलं तरी लोक व्हॉइस नोट करतात आणि ते परत लोडच होत नाही.

आणि आता खरी गोष्ट. घंटाळीला आमचे एक काका राहायचे, ग्रुपातली निम्मी मशीनं त्यांनी जिवंत केली असतील. त्यांना टाइप करायचा कंटाळा, सगळं व्हॉइस नोटवर सांगायचे. कॅसेट डेकच्या हेडचा स्क्रू किती फिरवायचा, आवाज कसा तीक्ष्ण झाला की थांबायचं, पावसाळ्यात कॅसेटला बुरशी आली तर आधी काय करायचं. गेल्या दिवाळीनंतर काका गेले. त्यांच्या तीनशेच्या वर क्लिपा माझ्या एकट्याच्या फोनमधे आहेत आणि मला रात्री भीती वाटते की फोन पडला तर काय. काकूंना विचारलंय, त्या म्हणाल्या सगळ्यांना ऐकू दे.

तर हे सगळं कुठे न्यावं? निम्मे मेंबर साठीच्या पुढचे आहेत, नवीन अॅप घ्या म्हटलं की अर्धे गळतील. आणि ग्रुपात खरेदीविक्री चालू ठेवावी का? एकाने "चालू मशीन" म्हणून विकलं, घेणाऱ्याकडे नुसती काळी स्क्रीन, त्यावरून इतकं भांडण झालं की दोन जुने लोक निघून गेले.

प्रतिसाद १

दादा, बाकी सगळं नंतर, आधी क्लिपा. अँड्रॉइड असेल तर फोन केबलने जोडा, व्हॉट्सॅपच्या मीडियामधे व्हॉइस नोट्सचा फोल्डर आहे, आत आठवड्याप्रमाणे फोल्डर आणि फाइलच्या नावातच तारीख असते. पण त्यात कुठल्या ग्रुपातली कुणाची ते कळत नाही, सगळ्या एकत्र. म्हणून ग्रुपची चॅटही एक्स्पोर्ट करा आणि तारखेवरून जुळवा. मीडियासकट एक्स्पोर्टला मर्यादा असते, जुनं सगळं येत नाही, तेव्हा फोल्डर उचलणंच बरं. दोन हार्डडिस्कवर ठेवा, एक दुसऱ्याच्या घरी.

प्रतिसाद २

मी वाशीला जुन्या रेडिओवाल्यांचं असंच सांभाळतो. ग्रुप बंद करू नका, गप्पा तिथेच राहू देत. फक्त जे उत्तर तिसऱ्यांदा द्यावं लागेल ते बाहेर एका पानावर लिहायचं आणि ग्रुपात लिंक टाकायची. लिंक उघडायला म्हाताऱ्या माणसाला काही शिकावं लागत नाही. आम्ही डोकूविकी वापरतो, म्हणजे अशी पानं लिहून ठेवायचं सॉफ्टवेअर, डेटाबेस नाही, प्रत्येक पान म्हणजे साधी टेक्स्ट फाइल, उद्या सर्व्हर गेला तरी फोल्डर कॉपी केला की झालं. फोटो तिकडेच मूळ आकारात चढवायचे. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, मात्र एकट्याच्या नावाने घेऊन विसरू नका, पासवर्ड निदान तिघांकडे हवा. आमचं एकदा पैसे भरायचे राहिले आणि आठ महिन्यांचं काम गेलं.

धागाकर्ता

फोल्डर आत्ताच उतरवून घेतला, ३४० फाइल्स निघाल्या ज्या काकांच्या वाटतायत, जीव जरा भांड्यात पडला. डोकूविकी पटलं. पॉवरचं पान आज रात्रीच लिहितो, तेच पहिलं. गेम चढवण्याबद्दल एक विचारायचं होतं, मशीनची रॉम, म्हणजे आत कायमचा भरलेला मूळ प्रोग्राम, वाटायला हरकत नाही एवढं माहीत आहे, अॅम्स्ट्रॅडने १९८६ ला सिंक्लेअरचा हा धंदा घेतला आणि नंतर १९९९ ला एम्युलेटरबरोबर, म्हणजे आजच्या कॉम्प्युटरवर स्पेक्ट्रमची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामबरोबर, द्यायला परवानगी दिली. गेमचं काय?

प्रतिसाद २

गेमचा हक्क ज्याचा त्याचा, काही कंपन्यांनी स्पष्ट नाही म्हटलेलं आहे. तुमच्याच लोकांनी तेव्हा घरी लिहिलेले प्रोग्राम आधी घ्या, ते जगात दुसरीकडे कुठेच नसणार.

प्रतिसाद ३

विक्री बंद केलीत तर लोक पर्सनलवर करतील आणि भांडण मात्र ग्रुपात आणतील. चालू म्हणणाऱ्याने व्हिडिओ टाकायचा, मशीन उघडं, त्या दिवसाचा पेपर शेजारी, आणि न कापता दोन गोष्टी दाखवायच्या. कॅसेटवरून एक प्रोग्राम लोड होताना, आणि बेसिकमधे, म्हणजे मशीनच्या स्वतःच्या प्रोग्रामिंग भाषेत, मेमरी किती ते सांगणारं प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३. उत्तर ६५५३५ आलं तर ४८ केबी पूर्ण, ३२७६७ आलं तर वरची मेमरी मिळतच नाहीये. आमच्याकडे हा नियम केल्यापासून एकही तक्रार नाही.

धागाकर्ता

हे फार कामाचं, तसाच नियम करतो. आता ३४० क्लिपा ऐकून लिहून काढायच्यात, एकट्याने वर्ष जाईल. कुणी मराठी टाइप करणारं मिळेल का?

प्रतिसाद ४

मी नेरूळला असते, स्पेक्ट्रममधलं काही कळत नाही पण बाबांकडे होता आणि ती टेपची किंकाळी अजून कानात आहे. दुपारी वेळ असतो, पन्नास पाठवा.

धागाकर्ता

ताई, खूप आभार. २०१९ च्या पहिल्या पन्नास आज ड्राइव्हवर टाकतो. एकच सांगायचं, काका "ते तिघं" म्हणतात म्हणजे ५, उणे ५ आणि १२ व्होल्ट. जिथे येईल तिथे तसंच लिहा, बदलू नका. खाली अर्थ मी देईन.