त्रुबादूरांच्या काळातील कवयित्री: वाचनाची सुरुवात कुठून करावी?

प्रश्न
नमस्कार. बाराव्या-तेराव्या शतकांत दक्षिण फ्रान्समध्ये ऑक्सितान भाषेत प्रेमगीते रचणाऱ्या त्रुबादूर कवींचे मी इंग्रजी अनुवादांतून थोडे वाचन केले आहे. कवी सरदारघराण्यातील स्त्रीला ‘मिदोन्स’, म्हणजे ‘माझे धनी’, असे पुल्लिंगी रूपाने संबोधतो, परंतु तिचा स्वतःचा आवाज या गीतांत ऐकू येत नाही. तेथील स्त्रियाही काव्य रचत असत, असे समजले. मला ऑक्सितान येत नाही. काय वाचावे आणि कोणत्या क्रमाने?

प्रतिसाद १
या कवयित्रींना त्रोबाइरित्झ म्हणतात आणि त्यांपैकी सुमारे 20 जणींची नावे आपल्यापर्यंत पोहोचली आहेत. आपण चरित्रांपासून नव्हे, एका गीतापासून सुरुवात करावी, असे मी आग्रहाने सुचवीन. दियाच्या काउंटेसचे ‘आ शांतार’ हे गीत ‘जे गाऊ नये असे वाटते तेच मला गावे लागते आहे’ अशा भावाने सुरू होते. आपले रूप, कुळ आणि बुद्धी यांतले काहीच उपयोगी पडले नाही, असे ती प्रियकराला थेट सुनावते आणि प्रेमात आपण त्याच्यावर मात केली, याचा तिला अभिमान वाटतो. याच गीताची चालही हस्तलिखितात टिकली आहे, तेव्हा वाचण्यापूर्वी ते ऐकावे.

त्यानंतर ओव्हेर्न्यची कास्तेलोझा घ्यावी. स्त्रीने पुरुषाची मनधरणी करणे शोभत नाही, असे सगळे म्हणतात, हे ठाऊक असूनही ती ती उघडपणे करते. 1995 साली प्रसिद्ध झालेल्या ‘सॉन्ग्ज ऑफ द विमेन ट्रूबडूर्स’ या संग्रहात मूळ पाठ आणि इंग्रजी अनुवाद समोरासमोर दिलेले असल्यामुळे भाषा येत नसली तरी यमकांची रचना नजरेस पडते.

प्रश्नकर्ती
मनापासून आभार. या स्त्रियांच्या आयुष्यांविषयी विश्वसनीय माहिती कुठे मिळेल?

प्रतिसाद २
येथे थोडी सावधगिरी बाळगावी लागते. ‘विदा’ नावाची लहान गद्य चरित्रे बरीच नंतर, तेराव्या शतकापासून लिहिली गेली आणि त्यांतील पुष्कळसा तपशील गीतांतूनच उचललेला दिसतो. दियाच्या काउंटेसचा पती आणि प्रियकर यांची नावे विदा देते, पण तिची नेमकी ओळख अद्याप निश्चित झालेली नाही. म्हणून मी नार्बोनच्या एर्मेंगार्दकडे वळण्यास सांगेन. या व्हायकाउंटेसने बाराव्या शतकात जवळपास पाच दशके राज्य केले आणि अनेक त्रुबादूरांना आश्रय दिला. तिच्यावरील फ्रेड्रिक शेयेट यांचा 2001 चा ग्रंथ गीतांतील निष्ठेची भाषा आणि सरंजामी शपथांची भाषा एकमेकींच्या किती जवळ होती, हे दस्तऐवजांच्या आधारे दाखवतो.

ते वाचून झाल्यावर मारिया दे व्हेंतादोर्न आणि गी द’उस्सेल यांचा काव्यसंवाद अवश्य वाचावा. प्रेमात दोघे समान असावेत, असे तेथे पुरुष म्हणतो. मारिया ते नाकारते: जो हात जोडून, गुडघे टेकून सेवक म्हणून आला, तो नंतर बरोबरी मागू लागला, तर तिच्या मते तो द्रोही ठरतो.