एकाच एक्सएमएलमधून ब्राउझर आणि मोबाइलचं मार्कअप: तीन एक्सएसएलटी ठेवू की एक करू?

द्राक्षवेल:
नाशिक भागातल्या बाजार समित्यांचे रोजचे भाव दाखवणारी एक साइट आता मी सांभाळते. सर्व्हर जावाचा आहे. डेटाबेसमधून दिवसाचं एक्सएमएल, म्हणजे टॅग लावलेला डेटा, निघतं (शेतमाल, आवक, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर) आणि सर्व्हरवरच एक्सएसएलटी (एक्सएमएलचं पान कसं करायचं ते सांगणारी नियमांची फाइल, म्हणजेच स्टाइलशीट) लागून पान बाहेर जातं. स्टाइलशीट तीन आहेत: संगणकासाठी एचटीएमएल, मोबाइलसाठी एक्सएचटीएमएल आणि फार जुन्या फोनांसाठी डब्ल्यूएमएल. कुठली लावायची हे यूझर-एजंटच्या ओळीत (ब्राउझर प्रत्येक विनंतीसोबत स्वतःची ओळख पाठवतो ती) फोनच्या मॉडेलांची नावं शोधून ठरतं. त्या नावांच्या यादीला कित्येक वर्षांत कुणी हात लावलेला नाही.

नवे अँड्रॉइड फोन यादीला ओळखूच येत नाहीत, त्यांना संगणकाचं पान जातं. त्याहून वाईट म्हणजे लासलगावच्या एका कांदा व्यापाऱ्यांच्या दुकानातल्या संगणकावर सकाळी मोबाइलचं पान उघडतं. त्यात आवकेचा रकाना नाही. तासाभराने आपोआप बरोबर होतं. माझ्या मशीनवर असं एकदाही झालेलं नाही.

भाव बघून माणूस गाडी भरायची की थांबायचं हे ठरवतो, त्यामुळे हे मला नीटच करायचं आहे. यादी अद्ययावत करू, की मुळापासून बदलू?

सरळमार्गी:
एक्सएसएलटी काढूनच टाका. नुसता डेटा जेसन स्वरूपात पाठवा, पुढचं ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट बघेल. २०२५ मध्ये क्रोमनेही जाहीर केलंय की एक्सएसएलटीचा आधार काढणार. त्यात आता वेळ कशाला घालवायचा?

जुनापाट:
क्रोमचा निर्णय ब्राउझरच्या आत चालणाऱ्या एक्सएसएलटीपुरता आहे. सर्व्हरवर सॅक्सन हे एक्सएसएलटी इंजिन किंवा जावातलं अंगभूत इंजिन चालतं आणि ब्राउझरच्या हाती तयार एचटीएमएल पडतं. त्याला काहीही धक्का नाही. शिवाय शेतात उभं राहून, रेंज धड नसताना भाव बघणाऱ्या माणसाला तयार पानच द्यायला हवं. आधी जावास्क्रिप्ट उतरवा, मग ती जेसन मागवणार, हा फेरा त्याच्या माथी मारू नका.

द्राक्षवेल, सकाळचा घोळ कॅशचा, म्हणजे साठवून ठेवलेल्या पानाचा दिसतोय. पत्ता एक आणि उत्तरं दोन, अशी रचना आहे तुमची. सकाळी पहिल्यांदा कुणी फोनवरून पान मागितलं की वाचक आणि तुमचा सर्व्हर यांच्या मधला सर्व्हर, म्हणजे प्रॉक्सी, ते साठवून ठेवतो आणि पाठोपाठ संगणकावरून येणाऱ्यालाही तेच देतो. मुदत संपली की नवीन पान येतं, म्हणून 'आपोआप बरोबर'. तुम्ही बहुधा प्रॉक्सी टाळून थेट सर्व्हरवर जाता, म्हणून तुम्हाला दिसत नाही. बाहेरच्या पत्त्यावरून कर्ल या कमांडने हेडर (पानासोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळी) तपासा. उत्तर कशानुसार बदलतं हे कॅशला सांगणारा व्हेरी हेडर नसेल तर कारण हेच. त्यात यूझर-एजंट टाकलं की चूक थांबेल, पण त्या ओळीचे इतके प्रकार असतात की कॅश असून नसल्यासारखी होईल. तात्पुरतं तेवढं करा.

यादीवर मात्र एक तासही खर्च करू नका. २०२३ पासून अँड्रॉइडवरचं क्रोम खरं मॉडेल सांगतच नाही. फोन कुठलाही असो, ओळीत 'अँड्रॉइड १०' आणि मॉडेलच्या जागी 'के' एवढंच येतं. आयपॅडवरची सफारी तर २०१९ च्या आयपॅडओएस १३ पासून स्वतःला मॅक म्हणवते.

मी एक्सएमएलपासून पानं बनवणाऱ्या अपाची कोकूनच्या काळापासून या कामात आहे. जनरेटर एक्सएमएल आणायचा, ट्रान्सफॉर्मर एक्सएसएलटी लावायचा, सिरियलायझर बाहेर लिहायचा आणि साइटमॅपमधला सिलेक्टर ब्राउझर बघून वाट ठरवायचा. त्या वेळी वेगळ्या स्टाइलशीटला पर्याय नव्हता. वॅपच्या (जुन्या फोनांवरच्या इंटरनेटच्या) सुरुवातीच्या काही फोनांत डब्ल्यूएमएलचा अख्खा डेक, म्हणजे एका वेळी येणारं पान, सुमारे १४०० बाइटांत बसवावा लागे. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं. म्हणजे टॅग धरलेच नाहीत तरी साडेचारशेच्या आसपास चिन्हं! काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे स्टाइलशीटलाच ठरवावं लागे.

आज फोनवाल्यालाही तोच मजकूर हवा असतो. आवक फोनवर का लपवायची? भाव कशामुळे पडला ते आवकेवरूनच तर कळतं. वेगळी लागते ती मांडणी, आणि ती सीएसएसच्या मीडिया क्वेरीवर (पडद्याच्या रुंदीनुसार मांडणी बदलणाऱ्या नियमांवर) सोडा. माझं मत ठाम आहे: मजकूर बदलत असेल तरच स्टाइलशीट वेगळी. ब्राउझर आणि मोबाइलची फाइल एक करा. डब्ल्यूएमएलची फाइल कुणी मागतंय का हे सर्व्हरच्या लॉगमध्ये बघून काढून टाका.

तिसरी जागा एसएमएसला द्या. साध्या फोनवर भाव पोचवायचा तोच मार्ग आहे, आणि मराठीत एका एसएमएसमध्ये ७० अक्षरचिन्हंच मावतात, तिथे मजकूर खरोखर वेगळा करावा लागतो. त्या स्टाइलशीटमध्ये आउटपुटची मेथड टेक्स्ट ठेवायची. शेतमालाच्या नावांसारखे सामाईक टेम्प्लेट (स्टाइलशीटमधले नियम) एका मूळ फाइलमध्ये ठेवून दोन्हीकडे एक्सएसएल:इम्पोर्ट करा. इम्पोर्ट फाइलच्या अगदी सुरुवातीला हवं. आयात केलेल्या टेम्प्लेटचं प्राधान्य कमी असतं, त्यामुळे जे बदलायचं तेवढंच वर लिहिता येतं.

जावाच्या बाजूला स्टाइलशीट एकदाच संकलित करून टेम्प्लेट्स ऑब्जेक्ट ठेवलाय ना, हे बघा. तो अनेक थ्रेडनी (एकाच वेळी चालणाऱ्या विनंत्यांनी) एकाच वेळी वापरला तरी चालतो. त्यातून बनणारा ट्रान्सफॉर्मर ऑब्जेक्ट मात्र प्रत्येक विनंतीला नवा घ्या.

द्राक्षवेल:
मनापासून आभार. व्हेरी नव्हतंच. हेडर घातल्यापासून लासलगावहून तक्रार नाही. मोबाइलची फाइल पाया धरून दोन्ही एक केल्या, तर वरचं शीर्षक दिसतं आणि खाली पान कोरं. सोर्समध्ये तक्ता पूर्ण आहे. शिवाय समित्यांची मागणी आहे की आकडे मराठीत दिसावेत. एक्सएमएलमध्येच बदलू का?

जुनापाट:
आउटपुटची मेथड एक्सएमएल राहिली असणार. मग रिकामा स्क्रिप्ट टॅग स्वतःच बंद होणाऱ्या रूपात लिहिला जातो, पण एचटीएमएल म्हणून वाचणाऱ्या ब्राउझरला तो उघडाच वाटतो आणि पुढचं सगळं तो स्क्रिप्टमध्ये गिळतो. मेथड एचटीएमएल करा. डॉक्टाइपसाठी डॉक्टाइप-सिस्टिममध्ये 'अबाउट:लेगसी-कॉम्पॅट' लिहा, ते आजच्या एचटीएमएलला चालतं.

अक्षरओळ:
आकडे एक्सएमएलमध्ये बदलू नका, बेरजा आणि क्रमवारी दोन्ही बिघडतील. एक्सएसएल:डेसिमल-फॉरमॅटमध्ये झीरो-डिजिट म्हणून '०' द्या, म्हणजे फॉरमॅट-नंबर १ ते ९ देवनागरीत देईल. मात्र फॉरमॅट-नंबरला दिलेल्या नमुन्यातही देवनागरी '०' च लिहायचं. इंग्रजी शून्य तिथे अंक म्हणून धरलं जात नाही.

आवकेचा आकडा लाखात गेला तर स्वल्पविराम बघा. जावातलं अंगभूत इंजिन नमुन्यातला शेवटचा गटच सगळीकडे लावतं, म्हणून १,२५,००० च्या जागी १२५,००० येतं. सॅक्सनमध्ये '#,##,##०' असा नमुना दिला की लाखाचा स्वल्पविराम जागेवर पडतो. एसएमएससाठी स्वल्पविराम काढूनच टाका, ७० पैकी तेवढी जागा वाचते.