मदत हवी आहे: मार्चमध्ये आल्प्समध्ये स्कीइंग, पाच जण, डोंगर कोणता निवडू?

नमस्कार मंडळी,

मार्चच्या मध्यावर आम्ही पाच जण आल्प्समध्ये स्कीइंगला जातोय. हातात आठ दिवस आहेत. पहिला आणि शेवटचा प्रवासात जाणार, म्हणजे बर्फावर सहा. गाडी घ्यायची नाही, रेल्वे आणि बसनेच फिरायचंय. गेला महिनाभर रोज रात्री उतारांचे नकाशे उघडून बसतेय आणि निर्णय काही होत नाहीये. तिकिटं या आठवड्यात काढायलाच हवीत. जरा सविस्तर लिहिते, कारण माणसं कशी आहेत हे कळल्याशिवाय कुणी डोंगर तरी कसा सुचवणार?

धाकटा भाऊ उत्तम स्की करतो, काळ्या, म्हणजे सर्वांत अवघड उतारावरही निवांत असतो. मी मधली. निळे (सोपे) उतार मजेत करते, लाल (मध्यम अवघड) उतार सकाळी यंत्राने नुकते सपाट केलेले असतील तर जमतात. नवरा माझ्याच बरोबरीचा, पण मागच्या वर्षी पडल्यापासून धास्तावलाय. मुलगी नऊ वर्षांची. एकूण तीन दिवस शिकली आहे, स्नोप्लाऊ करून, म्हणजे स्कीची पुढची टोकं जवळ आणून, थांबता येतं, ओढून नेणाऱ्या लिफ्टला मात्र घाबरते. आणि बाबा. सत्तरीचे आहेत, एक गुडघा बदललेला आहे, स्की करणार नाहीत. पण "मला खाली गावात बसवून तुम्ही सगळे वर जाणार असाल तर मी येत नाही" असं त्यांनी स्पष्ट सांगितलंय. त्यांना वर यायचंय, बर्फाचे कडे जवळून बघायचेत आणि दुपारी आमच्यासोबत बसायचंय. हे मला काहीही करून जमवायचंय.

मागच्या वर्षी काय झालं तेही सांगते, कारण तेव्हापासून माझा निवडीचा निकषच बदललाय. त्या वेळी मी फक्त उंची आणि उतारांचे एकूण किलोमीटर बघून जागा ठरवली होती. जागा उंच होती, बर्फ भरपूर होता, पण एकही झाड नव्हतं. तिसऱ्या दिवशी ढग उतरले. वर पांढरं, खाली पांढरं, सावली कुठेच नाही. कडेच्या रंगीत काठ्या सोडल्या तर नजर ठरायला काही नव्हतं. नवरा मध्येच उभा राहिला. निदान त्याला वाटलं की आपण उभे आहोत. प्रत्यक्षात तो इंचाइंचाने मागे सरकत होता आणि त्याला ते कळतच नव्हतं. मी ओरडले, तो दचकला आणि बाजूला कोसळला. हातातल्या स्कीच्या काठीच्या पट्ट्यात अंगठा अडकून इतका मुरगळला की दोन महिने पट्टी बांधून होती. त्यातून सावरून निघालो तर परतीची वाट म्हणजे एकच लाल उतार. दिवसभर शेकडो स्की घासून त्याची पार काच झालेली, आणि चार वाजता सगळा डोंगर तिथूनच खाली येत होता. मुलगी रडत रडत आडवी सरकत उतरली.

म्हणून आता मी कुठल्याही जागेबद्दल आधी तीन गोष्टी बघते. ढगाळ दिवशी काय करायचं? दुपारी दमलेल्या माणसाला स्की न करता खाली येता येतं का? आणि स्की न करणारा माणूस वर कुठपर्यंत पोचतो? किलोमीटर नंतर.

आत्तापर्यंत यादीत या जागा आहेत:

व्हाल थोराँस (फ्रान्स). गावच २३०० मीटरवर, त्यामुळे मार्चमध्ये बर्फाची काळजी नाही. तीन दऱ्या मिळून सुमारे ६०० किलोमीटर उतार. भावाची पहिली पसंती हीच. पण गाव पूर्ण झाडांच्या रेषेच्या वर आहे आणि मला पुन्हा तोच पांढरा दिवस आठवतो. शिवाय बाबा पहिल्याच रात्री २३०० मीटरवर झोपणार, हे मनाला पटत नाही.

डोलोमाइट्स (इटली). सेला डोंगराभोवतीची सेलारोंडा फेरी मला फारच खुणावते. चार खिंडी ओलांडून एका दिवसात पूर्ण प्रदक्षिणा, लिफ्ट धरून सुमारे ४० किलोमीटर. त्या फेरीवरच्या आल्ता बादिया या भागात रुंद, सौम्य निळे उतार आहेत असं सगळीकडे वाचलं. कृत्रिम बर्फाची सोयही उत्तम. पण वाऱ्यामुळे एखाद्या खिंडीवरची लिफ्ट बंद झाली तर आपण डोंगराच्या पलीकडे अडकतो. शिवाय त्या दऱ्यांत रेल्वे जात नाही, शेवटचा टप्पा बसचा.

झेरमाट (स्वित्झर्लंड). मॅटरहॉर्न शिखर समोर, गावात मोटारी नाहीत, रेल्वे थेट गावात. १८९८ पासून चालणारी गोर्नरग्राटची रेल्वे बाबांना ३०८९ मीटरवर नेऊन बसवेल. हा माझा हळवा कोपरा आहे. अडचण अशी की तिथले भाग एकमेकांपासून लांब आहेत. मुलगी एकीकडे, भाऊ दुसरीकडे, बाबा तिसरीकडे, असं होईल का?

वेंगेन किंवा ग्रिंडेलवाल्ड (स्वित्झर्लंड). आयगर शिखराच्या पायथ्याशी. इथेही रेल्वे थेट वर जाते. पण ग्रिंडेलवाल्ड जेमतेम १०३४ मीटरवर आणि वेंगेन १२७४ मीटरवर. मार्चच्या मध्यावर एवढ्या कमी उंचीवर बर्फाचा भरवसा कितपत?

सेंट अँटोनचं (ऑस्ट्रिया) नाव भावाने घातलंय. स्टेशनवर उतरलं की समोर लिफ्ट, हे खरंच मोहात पाडणारं आहे. पण तिथला निळा उतार म्हणजे दुसरीकडचा लाल, असं ऐकलंय.

तर माझे प्रश्न: सहा दिवस एकाच ठिकाणी राहावं की तीन-तीन दिवस दोन ठिकाणी? कमी उंचीचं गाव मार्चमध्ये धोक्याचं असतं का? आणि या पाचही जणांना दुपारी एका जागी भेटता येईल असा डोंगर यातला कोणता?


प्रतिसाद १

ताई, तुमचे तीन निकष वाचून बरं वाटलं. बहुतेक जण किलोमीटरवरच अडतात. सहा दिवसांत ६०० किलोमीटर करतंय कोण?

आधी दोन ठिकाणांचा प्रश्न. नका करू. सामान बांधणं, बूट-स्की परत करणं, नव्या जागी पुन्हा मापं घेणं, मुलीचा नवा शिकवणारा, यात दीड दिवस जातो. तुमच्याकडे सहाच आहेत. शिवाय मुलीला एकच शिक्षक सलग पाच दिवस मिळाला तर ती कुठल्या कुठे जाईल.

उंचीबद्दल. गावाची उंची आणि तुम्ही स्की करता ती उंची, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हवा साधारण दर हजार मीटरला साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे वेंगेनला शून्याच्या वर पाच अंश असले तरी क्लाइने शाईडेगला, म्हणजे वेंगेन आणि ग्रिंडेलवाल्डच्या मधल्या खिंडीत, २०६१ मीटरवर, पारा शून्याच्या आसपास असतो. तुम्ही दिवसभर त्याच पट्ट्यात असणार. वेंगेनच्या वरच्या मॅनलिखेन डोंगराचा माथा तर २२०० मीटरच्या वर आहे. खालचा हजार-बाराशे मीटरचा पट्टा मार्चमध्ये दुपारी ओला होतो, बर्फ जड होतो, गुडघ्यांना त्रास देतो. पण तिथे उतरायची सक्तीच नाही. क्लाइने शाईडेगहून दोन्ही बाजूंना रेल्वे खाली जाते. मॅनलिखेनहून वेंगेनला केबल कार आहे. स्की हातात घ्यायच्या आणि बसायचं. तुमच्या दुसऱ्या निकषाला याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही.

उताराचं तोंड कुठे आहे तेही बघा. मार्चमध्ये उंचीइतकंच त्याला महत्त्व असतं. उत्तरेकडचे उतार दिवसभर कोरडे राहतात. दक्षिणेकडचे रात्री गोठतात, सकाळी लोखंडासारखे कडक असतात, दहा-अकराला सुंदर मऊ होतात आणि दोननंतर त्यांचा चिखल होतो. ग्रिंडेलवाल्डचा फर्स्ट हा भाग दक्षिणाभिमुख आहे, म्हणून तो उशिरा सकाळी गाठायचा आणि जेवणाच्या वेळेआधी सोडायचा. दुपारी आयगरच्या बाजूला, सावलीत. आम्ही असंच केलं आणि एकाच दिवशी दोन्हीकडे चांगला बर्फ मिळाला.

तुमचे बाबा. क्लाइने शाईडेगला रेल्वेतून उतरलं की समोर आयगरचा उत्तर कडा, मान वर करून बघावा लागतो. पायऱ्या नाहीत, लिफ्टमध्ये उडी मारून चढणं नाही. तुम्ही वेंगेनच्या बाजूला असा, ग्रिंडेलवाल्डच्या बाजूला असा, दुपारी पाचही जण तिथे जमू शकता. एखाद्या स्वच्छ दिवशी त्यांना युंगफ्राउयोखला न्या. ती रेल्वे १९१२ पासून आहे आणि ३४५४ मीटरवर जाते. मात्र पहिल्या दोन दिवसांत नको. वर गेल्यावर हळू चालायचं, धाप लागली तर पुढच्या गाडीने खाली. त्यांच्या डॉक्टरांना निघण्याआधी विचारून ठेवा.


प्रतिसाद २

सेंट अँटोन या वेळी खरंच सोडा. मी स्वतः मध्यम स्की करते. तिथे निळ्या उतारांवरही दुपारनंतर उंचवटे तयार होतात आणि गर्दी असते. उतारांचे रंग त्या त्या डोंगरापुरते खरे असतात, सगळ्या देशांत एकच माप लागत नाही. धास्तावलेल्या माणसाला तिथे नेऊ नका.

सेलारोंडाबद्दल: ती फेरी लाल उतार आत्मविश्वासाने करणाऱ्याला एकदम आनंदाची आहे. पण सकाळी दहाच्या आत निघावं लागतं आणि साडेतीनपर्यंत शेवटची खिंड ओलांडलेली असावी लागते. नऊ वर्षांचं मूल आणि घड्याळ ही जोडी जमत नाही. दोन वर्षांनी मुलगी तयार झाली की जा, तेव्हा तुम्हा सगळ्यांनाच त्याचा आनंद घेता येईल.

आणि नवऱ्याला सांगा, काठीच्या पट्ट्यात हात अडकवूच नका. पडताना काठी सुटली पाहिजे. तसा अंगठा दुखावणं स्कीइंगमध्ये इतकं नेहमीचं आहे की त्याला ‘स्कीयर्स थंब’ असं नावच पडलंय.


धागाकर्ती

दोघांचेही खूप आभार. पट्ट्याची गोष्ट लगेच वाचून दाखवली.

दोन शंका राहिल्या. एक, ढगाळ दिवस. क्लाइने शाईडेगचा भागही झाडांच्या वरच आहे ना? दोन, भाऊ. त्याला सहा दिवस निळ्या-लाल उतारांवर आमच्यासोबत फिरवलं तर तो काही बोलणार नाही, पण मला वाईट वाटेल. मागच्या वर्षी त्याने तीन दिवस आमच्यासाठी वाट बघण्यात घालवले.


प्रतिसाद १

वरचा भाग उघडाच आहे, बरोबर. पण शाईडेगहून ग्रिंडेलवाल्डकडे उतरताना खालच्या निम्म्यात झाडं लागतात. ढगाळ दिवशी तिथेच वरखाली करायचं. झाडांच्या खोडांमुळे नजरेला उभं-आडवं कळतं आणि बर्फावर पुन्हा उठाव दिसायला लागतो. फारच वाईट हवा असेल तर स्की ठेवून द्या आणि मुलीला घेऊन घसरगाडीच्या वाटेवर जा. त्या भागात त्या भरपूर आहेत आणि बऱ्याचशा झाडांतून जातात. एक दिवस असा गेला तर तो वाया गेला असं समजू नका, सहा दिवस सलग स्की केल्यावर चौथ्या दिवशी मांड्या तशाही संपावर जातात.

भावाची काळजी नको. वेंगेनची लाउबरहॉर्न ही विश्वचषक स्की शर्यत जानेवारीत होते, ती संपली की तो उतार सगळ्यांना खुला असतो. साडेचार किलोमीटरच्या आसपास लांबी, विश्वचषकातला सर्वांत लांब डाउनहिल मार्ग. तो त्याला रोज सकाळी करू द्या. एक दिवस त्याला समोरच्या म्युरेनला धाडा. वेंगेनहून रेल्वेने लाउटरब्रुनेन, तिथून केबल कार आणि पुन्हा छोटी रेल्वे. म्युरेनच्या वर शिल्टहॉर्न, २९७० मीटर, माथ्यावरून काळा उतार. तिथली इन्फर्नो शर्यत १९२८ पासून चालत आली आहे. त्याला हे नाव सांगितलंत की व्हाल थोराँस विसरेल.

फक्त एक. उताराच्या काठ्या सोडून बाहेर जायचं असेल तर एकट्याने नाही. हिमस्खलनाचा त्या दिवशीचा अंदाज बघायचा. पाचपैकी तीन आकडा असला तरी तो ‘मध्यम’ समजू नये, बरेच जीवघेणे अपघात त्याच पातळीला होतात. सोबत ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याला शोधायचं रेडिओ यंत्र), फावडं, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि ते वापरता येणारा जोडीदार हवा. विम्यात उताराबाहेरची सुटका धरली आहे का तेही निघण्याआधी वाचून घ्या.


धागाकर्ती

ठरलं. वेंगेन, एकच मुक्काम, सहा दिवस. मुलीचं पाच दिवस रोज सकाळी प्रशिक्षण गावाच्या मधोमध असलेल्या उतारावर, कारण तिथे ओढून नेणारी लिफ्ट आधी हळू शिकवतात असं तिथल्या शिकवणाऱ्यांनी कळवलंय. पहिले दोन दिवस नवरा आणि मी फक्त निळे उतार करणार, आणि दुपारी तीननंतर रेल्वेनेच खाली. तो स्वतःहून हो म्हणाला. वर्षभरात पहिल्यांदा त्याने नकाशा स्वतःकडे ओढून घेतला.

भाऊ इन्फर्नोचे व्हिडिओ बघत बसलाय.

बाबांना मघाशी फोन केला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "ते शाईडेग का काय, तिथे दुपारी किती वाजता भेटायचं?"