आईंना कमी ऐकू येतं, घरी कोणते सिनेमे लावावेत?

गोदाकाठची
आम्ही पंचवटीत राहतो. सासूबाईंना ऐकायला कमी येतं. कानाचं मशीन आहे, पण टीव्ही लावला की म्हणतात, "आवाज येतो गं, शब्द येत नाहीत." पेपर मात्र रोज अथपासून इतिपर्यंत वाचतात. दुपारची आवराआवर झाली की आम्ही दोघी मिळून सिनेमा बघतो. आम्ही लावलेल्या प्रत्येक मराठी सिनेमाला खाली अक्षरं आली ती इंग्रजी. मराठी सिनेमा, मराठी वाचणारी बाई, आणि मध्ये इंग्रजी! मला याचं खरंच वाईट वाटतं.

आतापर्यंतचा अनुभव सांगते, म्हणजे तुम्हाला सुचवायला सोपं जाईल.

सगळ्यात जवळचा वाटला 'श्वास' (2004). अरुण नलावडे आजोबा आणि अश्विन चितळे नातू. नातवाचे डोळे जाणार, हे आजोबांच्या चेहऱ्यावर आधी दिसतं, शब्द नंतर येतात. ऑपरेशनच्या आधी ते पोराला दवाखान्यातून बाहेर घेऊन जातात, शेवटचं डोळे भरून बघायला. तिथे आईंना मला काहीही सांगावं लागलं नाही. दोघी रडलो.

'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (2009) ही दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' कसा काढला त्याची गोष्ट. त्यात बोलणं भरभर आहे, पण माणसं सतत काहीतरी करताना दिसतात. बाई मिळेना म्हणून खानावळीतला अण्णा साळुंके तारामती होतो, हे बघून आई खूप हसल्या. फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे, म्हणून कौतुकही होतंच.

'गोदावरी' (2022) मला फार आवडला. नाशिक म्हटलं की कुंभमेळा नाहीतर द्राक्षं, एवढंच दाखवतात. इथे भाडी गोळा करत फिरणारा, घरापासून तुटलेला निशिकांत आहे. जितेंद्र जोशीने तो अगदी आतून केलाय. आई घाट दिसला की सरसावून बसायच्या. पण हा मुलगा घरच्यांवर एवढा का चिडलाय, ते सगळं बोलण्यात आहे आणि बोलणं खालच्या पट्टीत. मी शेजारी बसून सांगत राहिले. विक्रम गोखले मात्र न सांगता पोचले.

'द डिसायपल' (2020) मध्येच बंद केला. शास्त्रीय गाणं शिकणारा शरद रात्री मोटरसायकलवरून जातोय आणि त्याच्या गुरूंच्या गुरू माईंचं बोलणं ऐकू येतंय. माई कधी दिसतच नाहीत! मी नंतर एकटीने पूर्ण पाहिला, आणि त्याच जागा मला सगळ्यात सुंदर वाटल्या. आईंसाठी मात्र तिथे रस्ता आणि दिवे सोडून काही नव्हतं.

म्हणून "संथ, कमी संवादांचा सिनेमा लावा" असं सांगू नका. बोलणाऱ्याचं तोंड दिसतं का, उजेड आहे का, हे सांगा. आणि मराठी अक्षरं कुठे मिळाली असतील तर तेही.

सिडकोतला
ताई, माझ्या वडिलांचंही हेच आहे. वयाने ऐकू कमी झालं की बहुतेकदा आधी बारीक, उंच आवाज जातात. स, फ, त, क अशी अक्षरं त्यातच येतात. म्हणून आवाज वाढवला तरी शब्द कळत नाहीत, नुसतं संगीत अंगावर येतं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज 5.1 वर (म्हणजे खोलीभर मांडलेल्या सहा स्पीकरांसाठी) असेल तर स्टिरिओ, म्हणजे दोन स्पीकरांचा, करून बघा. काही टीव्हींवर संवाद उठावदार करायची सोयही असते. पातळ टीव्हीचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात, त्यामुळे समोर ठेवायचा एक साधा साउंडबारही फरक पाडतो. आणि मशीन ब्लूटूथचं असेल तर कान तपासणाऱ्यांना विचारा, टीव्हीचा आवाज थेट मशीनमध्ये सोडता येतो.

जुनी_रीळ
'पुष्पक' लावा. 1987 चा, कमल हासन, अख्ख्या सिनेमात संवाद नाहीत. बर्फाचा सुरा घेऊन हिंडणारा टिनू आनंद त्यांना नक्की आवडेल.

दुसरा, प्रभातचा 'संत तुकाराम' (1936). प्रिंट जुनी, आवाज खरखरीत. पण आईंना अभंग पाठ असतील ना? मग विष्णुपंत पागनीसांचे ओठ हलले की पुढचं त्यांचं त्या म्हणतील. गौरीची जिजाई तर नुसत्या हातवाऱ्यांनी भांडते.

आणि फाळक्यांचाच 'कालिया मर्दन' (1919). मूकपटच तो. कृष्ण झालीय त्यांची मुलगी मंदाकिनी. सुरुवातीला ती साध्या मुलीच्या रूपात चेहऱ्यावरचे भाव करून दाखवते, आणि बघता बघता तिचा कृष्ण होतो. शंभर वर्षं उलटली तरी त्या पोरीचा चेहरा वाचता येतो.

देवळालीची_मावशी
मी तर सुरू करायच्या आधी गोष्ट सांगून टाकते. कीर्तनात आख्यान सगळ्यांना माहीत असतंच की. मग शब्द निसटले तरी धागा सुटत नाही.

अक्षरांचं म्हणशील तर काही सिनेमांना हिंदी मिळतात, भाषेच्या यादीत खालपर्यंत बघ. देवनागरी असल्यामुळे आमच्याकडे चालून जातं. पूर्वी 'रंगोली'त गाण्याचे शब्द खाली यायचे, आठवतंय? गाणं हिंदी, अक्षरंही हिंदी. तेव्हा जमलं ते आता मराठीला का जमू नये?

सिडकोतला
मावशी, थेटरसाठी हालचाल झालीय. मार्च 2024 मध्ये माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने ऐकू न येणाऱ्या आणि न दिसणाऱ्या प्रेक्षकांच्या सोयीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. घरच्या पडद्यासाठी मागणी आपणच करायला हवी. ॲपमध्ये अभिप्राय लिहायची जागा असते, तिथे सिनेमाचं नाव घालून "मराठी सबटायटल हवीत" असं लिहा. मी लिहितो.

गोदाकाठची
मावशी, गोष्ट आधी सांगितलेली आईंना चालत नाही. "शेवट सांगायचा नाही" अशी सक्त ताकीद आहे. पण सुरुवातीची नाती सांगेन: कोण कोणाचा, कुठून आला. 'गोदावरी'ला तेवढ्यानेही पुष्कळ फरक पडला असता.

स्टिरिओ करून पाहिलं. बातम्या आधीपेक्षा कळल्या असं म्हणाल्या, सिनेमाचं अजून बघायचंय. 'संत तुकाराम'चं नाव काढल्यावर "आधी तो लाव" म्हणाल्या, त्यामुळे 'पुष्पक' त्यानंतर. ॲपवर आज आमच्याकडूनही लिहिते. मजकूर आईच सांगणार आहेत.